नानांची किंमत महिन्याला बारा रुपये

पोस्ट मोठी आहे, सवडीने वाचा.

चार महिन्यांपूर्वी माझ्या एका जुन्या मित्राने फेसबुकवर लिहिलं होतं, "अ‍ॅड ब्लॉकर लावून आमच्या बातम्या वाचणारे म्हणजे हॉटेलात पोटभर जेवून बिल न देता मागच्या दाराने पळणारे लोक." मित्र आमच्या सातारा जिल्ह्यात बातम्यांची एक छोटी वेबसाइट चालवतो. तो स्वतः, बातम्या आणणारी दोन मुलं आणि फोटो काढणारा एक अर्धवेळ पोरगा, एवढाच त्यांचा संसार. पोस्टखाली नेहमीप्रमाणे दोन तट पडले. एक म्हणणार, "बरोबर आहे, फुकटे आहेत सगळे." दुसरा म्हणणार, "आधी तुमच्या जाहिराती आवरा, बातमी शोधावी लागते."

मी काहीच लिहिलं नाही. कारण त्या पळणाऱ्यांत मी आहे, माझे वडील आहेत, आणि वडिलांच्या फोनमध्ये तो ब्लॉकर मी माझ्या हाताने बसवलाय. का बसवला, हे मित्राला तोवर सांगितलं नव्हतं. ती पोस्ट वाचल्यावर मात्र त्याच्या ऑफिसात जाऊन सांगितलं. त्यानंतर जे झालं ते आता त्याच्याच परवानगीने लिहितोय. त्याचं नाव लिहिणार नाही. ओळखणारे ओळखतील, त्यांनीही लिहू नये.

आधी नानांबद्दल.

नाना एसटीत कंडक्टर होते, एकतीस वर्षं. पेपर वाचायची सवय स्टँडवर लागलेली. निवृत्तीनंतर गावात पेपर अकरा वाजता यायचा, म्हणून मी त्यांना स्मार्टफोन घेऊन दिला आणि मित्राची साइट उघडून द्यायला शिकवलं. तेव्हापासून सकाळचा चहा आणि ती साइट. कोयनेतून विसर्ग किती, कुठल्या शिवारात बिबट्या दिसला, कोण वारलं, कुठली गाडी घाटात अडकली. दिल्लीत काय चाललंय यात त्यांना फारसा रस नाही.

दोन वर्षांपूर्वीच्या जुलैत पाऊस चांगलाच लागला होता. धरणाचे दरवाजे उघडणार की नाही हे नाना बघत होते. बातमीच्या मधोमध एक चौकट आली. "तुमच्या फोनमध्ये ४ व्हायरस सापडले आहेत. ताबडतोब साफ करा." खाली मोठं हिरवं बटण. नानांना वाटलं फोनच सांगतोय. ती जाहिरात आहे हे त्यांना कळलंच नाही, आणि कळू नये अशीच ती केलेली होती. त्यांनी बटण दाबलं. अ‍ॅप उतरलं. अ‍ॅपने मेसेज वाचायची परवानगी मागितली, दिली. मग नोंदणीसाठी एक रुपया भरा म्हणाले, त्यासाठी कार्डाचा नंबर मागितला, तोही दिला.

मी नंतर जरा चिडूनच विचारलं, "नाना, परवानगी कशाला दिली?"

ते म्हणाले, "आरं, सगळ्यालाच हो म्हणावं लागतं. न्हाईतर फोन फुडं जातोय का?"

यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. कारण आपण सगळे तेच करतो. कुकीज, अटी, शर्ती, परवानग्या... हो, हो, हो.

दुसऱ्या दिवशी तीन वेळा मिळून खात्यातून १८,४०० रुपये गेले. नानांना पेन्शन येतं महिन्याला अडीच हजारांच्या आसपास. एसटीवाल्यांचं पेन्शन किती असतं हे ज्यांच्या घरात कुणी एसटीत होतं त्यांना सांगायला नको. म्हणजे सात महिन्यांचं पेन्शन. वर नानांनी दोन दिवस ते कुणाला सांगितलंच नाही. ज्या माणसाने एकतीस वर्षं रोज रात्री डेपोत पैसे मोजून भरले, त्याला आपण फसलो हे घरात सांगायची लाज वाटत होती. "तुझ्या आईला सांगू नकोस," एवढंच फोनवर म्हणाले, तेव्हा मला कळलं काहीतरी झालंय.

१९३० या सायबर हेल्पलाइनला फोन केला, तक्रार नोंदवली. दोन दिवस वाया गेले होते. ३,९०० रुपये मध्येच कुठेतरी अडवले गेले, ते काही महिन्यांनी परत आले. १४,५०० गेले ते गेलेच. (कुणाच्या घरात असं झालं तर तासाभरात १९३० ला फोन करा. तिथे जो उशीर होतो तोच महागात पडतो.)

त्या रविवारी मी गावी गेलो आणि नानांच्या फोनमध्ये जाहिराती अडवणारा ब्राउझर टाकला. शिवाय अँड्रॉइडच्या सेटिंगमध्ये 'प्रायव्हेट डीएनएस' म्हणून एक जागा असते, तिथेही जाहिराती गाळणारा पत्ता भरला. सगळं मिळून पाच मिनिटांचं काम. दुसऱ्या दिवशी नानांचा फोन. "लई कोरं कोरं दिसतंय रं. बातमी सापडती आता."

आता मला सांगा, मी काय चुकीचं केलं?

हाच प्रश्न घेऊन मी मित्राकडे गेलो होतो. सगळं ऐकून तो बराच वेळ गप्प बसला. मग म्हणाला, "माझ्या साइटवरून?"

"हो."

"मला तर ती जाहिरात कधी दिसली नाही."

ती त्याला दिसणारच नव्हती, आणि खरा घोळ इथेच आहे. छापील पेपरात जाहिरात कुठली लागली हे मालकाला माहीत असायचं. रात्री पान लागताना कुणीतरी ती डोळ्यांनी बघायचा. सगळ्या गावाला तीच जाहिरात दिसायची, त्यामुळे भलतंसलतं छापलं तर सकाळी ऑफिसात चार माणसं भांडायला हजर. वेबसाइटवर तसं नसतं. मित्राने पानात फक्त मोकळी चौकट ठेवलेली असते. ती कुणी भरायची हे तो ठरवत नाही.

तुम्ही बातमीवर बोट ठेवलं की काय होतं ते बाजार समितीच्या भाषेत सांगतो. पान उघडायला लागतं, त्याच वेळी तुमच्याबद्दलची माहिती लिलावाला जाते. फोन कुठला, गाव साधारण कुठलं, कुठल्या प्रकारची पानं बघता, आधी काय शोधलं होतं. पलीकडे बोली लावणारी यंत्रं बसलेली असतात. या माणसापुढे माझी जाहिरात दाखवायला मी इतके पैसे देतो, दुसरा म्हणतो मी इतके. ज्याची बोली वर, त्याची जाहिरात तुमच्या चौकटीत. हे सगळं पापणी लवायच्या आत. म्हणून एकाच बातमीत मला दुचाकीची जाहिरात दिसते, मित्राला कॅमेऱ्याची आणि जुना फोन वापरणाऱ्या नानांना 'व्हायरस साफ करा'. वेबसाइटचा मालक या लिलावात हजरच नसतो. त्याला महिन्याच्या शेवटी पट्टी मिळते. अडत, हमाली, तोलाई वजा करून शेतकऱ्याला मिळते तशीच.

अडत किती कापली जाते? ब्रिटनमधल्या जाहिरातदारांच्या इस्बा या संघटनेने पीडब्ल्यूसीकडून याचा माग काढून घेतला होता, २०२० साली. जाहिरातदाराने १०० पौंड खर्च केले तर वेबसाइटपर्यंत ५१ पोचले. बाकीचे मधल्या कंपन्यांत वाटले गेले. आणि त्यातही १५ पौंड असे होते की ते नेमके कुठे गेले याचा पत्ताच लागला नाही. ब्रिटनमधल्या नामांकित कंपन्या आणि नामांकित प्रकाशनं यांचा हा हिशोब. आमच्या जिल्ह्याच्या साइटची पट्टी कोण तपासणार?

आणि हे फक्त छोट्यांच्याच बाबतीत होतं असंही नाही. मार्च २०१६ मध्ये न्यूयॉर्क टाइम्स, बीबीसी यांसारख्या साइटवर अशाच लिलावातून आलेल्या जाहिरातींनी काही वाचकांच्या कॉम्प्युटरमध्ये खंडणी मागणारे व्हायरस घुसवायचा प्रयत्न केला होता. त्या साइटनी काही केलं नव्हतं. चौकट भाड्याने दिली होती, आत कोण राहायला आलं हे माहीत नव्हतं. डिसेंबर २०२२ मध्ये तर अमेरिकेच्या एफबीआयने लोकांना जाहीर सल्ला दिला, की इंटरनेटवर शोधाशोध करताना अ‍ॅड ब्लॉकर वापरा, कारण खऱ्या कंपन्यांच्या नावाने खोट्या जाहिराती लावून लोकांना लुबाडलं जातंय. पोलीस खातंच ज्याला कुलूप म्हणतंय, ते वापरणाऱ्याला चोर कसं म्हणायचं?

पण थांबा. मी स्वतःची बाजू मांडून मोकळा होणार होतो, तेवढ्यात मित्राने कॉम्प्युटर माझ्याकडे वळवला.

"हे बघ. लपवायचं काय त्यात."

गेल्या महिन्यात त्याची २ लाख १० हजार पानं वाचली गेली होती. जाहिरातींचे पैसे मिळाले ८,४०० रुपये. हजार पानांना ४० रुपये. मराठी मजकुराला इंग्रजीपेक्षा भाव कमी, हे सगळे साइटवाले सांगतात. वर शंभर डॉलर जमल्याशिवाय पैसे खात्यात येत नाहीत, त्यामुळे एखाद्या महिन्यात तेवढे भरले नाहीत तर पुढच्या महिन्यावर. बातम्या आणणाऱ्या एका मुलाचा पेट्रोलचा खर्चच तीन हजार आहे. सर्व्हरचे पैसे वेगळे.

"आता तुझ्या नानांचं काढ," तो म्हणाला. नाना दिवसाला दहा पानं वाचतात धरू. महिन्याला तीनशे. हजाराला ४० या भावाने झाले १२ रुपये.

नानांची किंमत महिन्याला बारा रुपये.

मी मोबाइलवर भागाकार करून बघितला. १४,५०० भागिले १२. बाराशेच्या वर महिने येतात, म्हणजे शंभर वर्षं. नानांनी शंभर वर्षं रोज सकाळी ती साइट वाचली असती तेव्हा कुठे मित्राला तेवढे पैसे मिळाले असते, जेवढे एका हिरव्या बटणाने एका दिवसात नेले. आम्ही दोघंही त्या आकड्याकडे बघत बसलो. एकमेकांना फुकटे आणि लुटारू म्हणणारे आपण दोघं, आणि दोघांच्याही हातात काही नाही.

इथे थोडा इतिहास सांगतो, कारण हे भांडण आजचं नाही. वेबवरची पहिली मोठी बॅनर जाहिरात ऑक्टोबर १९९४ मध्ये हॉटवायर्ड नावाच्या अमेरिकन साइटवर लागली. एका जागी स्वस्थ बसणारी पट्टी, पेपरातल्या जाहिरातीसारखीच. त्यानंतर काही वर्षांतच पॉप-अप आले, एकदम अंगावर उडी मारणारी ती खिडकी. तिचा कोड लिहिणाऱ्यांपैकी एक ईथन झुकरमन. त्याने २०१४ मध्ये लेख लिहून चक्क माफी मागितली, आमचा हेतू वाईट नव्हता म्हणाला. २००२ मध्ये डेन्मार्कमधल्या हेन्रिक सोरेन्सन या विद्यार्थ्याने पहिला 'अ‍ॅडब्लॉक' लिहिला. म्हणजे क्रम लक्षात घ्या. जाहिरात आधी अंगावर आली, हात नंतर उचलला गेला.

आपल्याकडे आणखी एक कारण होतं, डेटा. २०१६ मध्ये जिओ यायच्या आधी एका जीबीला दोन-अडीचशे रुपये मोजलेत आपण, आठवतंय? त्याआधीच्या वर्षी न्यूयॉर्क टाइम्सने पन्नास बातम्यांच्या साइट मोबाइलवर तपासल्या, तर निम्म्याहून जास्त डेटा जाहिरातीच खात होत्या. म्हणजे बातमीच्या गाडीचं डिझेल वाचकाच्या खिशातून आणि गाडीत निम्म्याहून जास्त माल जाहिरातदाराचा. त्या काळात आपल्याकडे यूसी ब्राउझर एवढा का चालला, त्याचं एक कारण हेच होतं की तो जाहिराती अडवायचा.

मग ब्लॉकरवाले सगळे संत का? अजिबात नाही. अ‍ॅडब्लॉक प्लस चालवणाऱ्या आयओ या जर्मन कंपनीने २०११ मध्ये 'चालण्यासारख्या जाहिराती' अशी योजना काढली. सौम्य जाहिराती अडवायच्या नाहीत. ऐकायला छान आहे. पण या यादीत राहण्यासाठी मोठ्या कंपन्यांकडून पैसे घेतले जातात. आधी रस्त्यावर नाका उभारायचा, मग मोठ्या गाड्यांकडून टोल घेऊन सोडायचं. जर्मनीतल्या आक्सेल श्प्रिंगर या बड्या प्रकाशनसंस्थेने या कंपनीला कोर्टात खेचलं. २०१८ मध्ये तिथल्या वरिष्ठ कोर्टाने ब्लॉकर कायदेशीर ठरवला. कॉपीराइटच्या मुद्द्यावरचा दुसरा खटला मात्र २०२५ मध्ये पुन्हा खालच्या कोर्टाकडे पाठवलाय. भांडण चालूच आहे. दुसरीकडे रेमंड हिल नावाचा माणूस यूब्लॉक ओरिजिन हा ब्लॉकर लिहितो आणि त्यासाठी देणगीसुद्धा घेत नाही. एकाच धंद्यात दोन्ही प्रकारची माणसं आहेत.

आणि सगळ्यात वर गूगल. क्रोम ब्राउझर त्यांचा, यूट्यूब त्यांचं, जाहिरातींचा बाजारही बराचसा त्यांचा. २०२३ मध्ये यूट्यूबने ब्लॉकरवाल्यांना अडवायला सुरुवात केली. पुढे क्रोमने एक्स्टेंशनचे नियम बदलले आणि त्या नव्या नियमांत यूब्लॉक ओरिजिन बसेना, ते क्रोममध्ये बंद पडलं. एप्रिल २०२५ मध्ये अमेरिकेतल्या फेडरल कोर्टाने निकाल दिला, की जाहिरातींची खरेदी-विक्री जिथे होते त्या बाजारातल्या दोन भागांत गूगलने बेकायदेशीर मक्तेदारी केली. आपल्याकडे डिजिटल बातम्या देणाऱ्या प्रकाशकांच्या संघटनेच्या तक्रारीवरून स्पर्धा आयोगाने जानेवारी २०२२ मध्ये गूगलच्या चौकशीचा आदेश दिला होता. लिलाव करणारा अडत्या तोच, शेतकऱ्याचा वकील तोच, गिऱ्हाइकाचा दलालही तोच, असं असल्यावर पट्टीत काय उरणार?

हे सगळं मी मित्राला ऐकवलं. तो हसला. म्हणाला, "हे सगळं बरोबर आहे. पण एक गोष्ट तुला पुण्यात बसून कळत नाही."

"काय?"

"त्या नेटवर्कला मी कोण, हे माहीत नसतं. तोच माझा फायदा आहे."

मग त्याने वाळूची गोष्ट सांगितली. तीन वर्षांपूर्वी त्याने नदीतल्या वाळूउपशाची बातमी लावली, रात्री चालणाऱ्या डंपरच्या फोटोंसकट. तोवर साइटवर स्थानिक जाहिराती बऱ्या होत्या. वाढदिवसाच्या शुभेच्छा, पतसंस्था, ट्रॅक्टरचं शोरूम, क्लासेस. बातमीनंतर दोन दिवसांत एका नेत्याच्या गोतावळ्यातल्या सगळ्या जाहिराती बंद झाल्या. कुणी धमकी दिली नाही, कुणी काही बोललंही नाही. फक्त फोन उचलेनात. ज्यांनी कधी तालुक्याचं साप्ताहिक चालवलंय त्यांना हे नवीन नाही. २६ जानेवारी, १५ ऑगस्ट, दिवाळी अंक आणि साहेबांचा वाढदिवस, यावर वर्ष निघतं आणि म्हणून साहेबांविरुद्ध ओळ निघत नाही.

"ते सहा महिने त्याच आठ हजारांवर काढले," मित्र म्हणाला. "परदेशातल्या कंपनीला आमच्या वाळूचं काय घेणंदेणं? तिला फक्त पानं किती वाचली ते कळतं. तू ब्लॉकर लावतोस तेव्हा ते बंद होतं. मग मी परत कुणाच्या दारात जायचं, सांग."

खरं सांगतो, मी निरुत्तर झालो. जाहिरातीचा हा लिलाव घाण आहे, त्यात फसवणूक आहे, वाचकावर पाळत आहे. पण त्याच घाणीतून येणाऱ्या चाळीस रुपयांवर एक वाळूची बातमी उभी राहिली होती. ब्लॉकर लावताना मी फक्त 'व्हायरस साफ करा'वाल्याला अडवलं नव्हतं, नकळत ते चाळीस रुपयेही अडवले होते. २०१५ मध्ये मार्को आर्मेंट या अमेरिकन प्रोग्रॅमरने आयफोनसाठी पीस नावाचा ब्लॉकर काढला. पैसे देऊन घ्यायच्या अ‍ॅपमध्ये तो पहिल्या नंबरवर गेला आणि दोनच दिवसांत त्याने तो स्वतःहून मागे घेतला. ज्यांना फटका बसायला नको अशांनाही बसतोय, हे आपल्याला सहन होत नाही, असं त्याचं म्हणणं होतं. तेव्हा मला तो वेडा वाटला होता. त्या दिवशी त्या ऑफिसात बसून वाटला नाही.

तर आम्ही दोघांनी बसून जे ठरवलं ते असं.

पहिलं, मित्राने बातमीच्या मधोमध आपोआप घुसणाऱ्या चौकटी काढून टाकल्या. पानावर दोनच चौकटी, ठरलेल्या जागी, वर ठळक अक्षरांत 'जाहिरात'. नेटवर्कच्या सेटिंगमध्ये जाऊन जे जे प्रकार बंद करता येतात ते केले. झटपट कर्ज, फोन साफ करणारी अ‍ॅप, वजन उतरवणारी पावडर. ही सोय आधीपासून होती, त्याने कधी उघडून बघितली नव्हती. तो ते कबूल करतो. अजूनही एखादी भलती जाहिरात घुसते, पण कमी.

दुसरं, स्थानिक जाहिरातींचा दर ठरवून साइटवर लावला. एका माणसाच्या जाहिराती ठरावीक प्रमाणापेक्षा जास्त घ्यायच्या नाहीत. उद्या त्याने बंद केल्या तर सर्व्हर बंद पडू नये इतपत.

तिसरं, वार्षिक ३०० रुपये सभासद वर्गणी. बातम्या सगळ्यांना मोकळ्या, पैसे ऐच्छिक. जगात हे कुठेच चालत नाही असं नाही. गार्डियन बातम्यांना कुलूप न लावता वाचकांकडून पैसे उभे करतो. आपल्याकडे न्यूजलाँड्री 'जाहिरात नको, वर्गणी द्या' हेच सांगत उभी राहिली. पी. साईनाथ यांचं 'पारी' जाहिरातीशिवाय चालतं आणि मराठीतही वाचता येतं. पण ही सगळी मोठी नावं. जिल्ह्यातल्या साइटला कोण पैसे देणार, अशी मित्राला शंका होती.

शंका बरीचशी खरी ठरली. चार महिन्यांत ५७ सभासद झाले. १७,१०० रुपये. महिन्यावर पसरले तर १,४२५. चौकटी कमी केल्यामुळे जाहिरातींचं उत्पन्न ८,४०० वरून सहा हजारांवर आलं. म्हणजे हिशोब अजून तोट्यातच आहे. महिन्याला हजारभर रुपये कमी. वाचकाला बरं वाटेल असं काही केलं की लगेच पैसे येतात, असं सांगायला मला आवडलं असतं. तसं झालेलं नाही.

म्हणून ही पोस्ट.

अ‍ॅड ब्लॉकर काढा असं मी कुणाला सांगणार नाही. घरात म्हातारी माणसं असतील तर त्यांच्या फोनमध्ये आजच बसवा, हवं तर कसा ते मी सांगतो. पण ब्लॉकर लावला म्हणजे आपला संबंध संपला, असंही समजू नका. तुम्ही रोज जी साइट उघडता, जिच्याशिवाय तुमच्या गावाची बातमी तुम्हाला कळणार नाही, अशी एखादी तरी असेल. तिच्यावर जाहिराती सभ्य असतील तर तेवढ्या साइटपुरता ब्लॉकर बंद ठेवा. दोन टिचक्यांचं काम आहे. सभ्य नसतील तर त्यांना फोन करून सांगा, मालकाला बऱ्याचदा माहीतच नसतं. आणि जमलं तर वर्षाला दोन-तीनशे रुपये थेट द्या. तुम्ही जाहिराती बघून त्यांना वर्षाला देता त्याच्या दुप्पट होतात ते. नानांचा हिशोब वर दिलाच आहे.

आणि साइट चालवणाऱ्यांना एवढंच, की वाचकाला चोर म्हणण्याआधी एकदा आपल्या वडिलांच्या फोनवर आपली साइट उघडून बघा. आपल्या नव्हे, त्यांच्या फोनवर.

शेवटी नानांचं. सभासद व्हायचं ठरल्यावर मी म्हटलं मी इथून यूपीआयने भरतो. नाना नको म्हणाले. त्या प्रकारानंतर त्यांनी फोनवरून पैसे द्यायचं बंद केलंय. एसटीने साताऱ्याला गेले, मित्राच्या ऑफिसात रोख तीनशे रुपये ठेवले आणि म्हणाले, "पावती द्या." मित्राकडे पावतीपुस्तकच नव्हतं. त्याने साध्या कागदावर लिहून सही करून दिली.

मित्राने संकोचून ती हॉटेलच्या बिलाची पोस्ट त्यांना सांगितली, चुकलं म्हणाला. नाना म्हणाले, "आवो, मी कवा इदाऊट न्हवतो. तिकीट कितीचं हाये, हे कुनी सांगितलंच न्हाई. सांगितलं असतं तर दिलं असतं की."

मित्राने दुसऱ्याच दिवशी पावतीपुस्तक छापायला टाकलं.